जरा जास्तीचा गाल

भोयर सर लोकांच्या तोंडाकडे बघत राहायचे, हे मी फार सभ्य शब्दांत सांगते आहे. खरं म्हणजे ते टक लावून बघायचे, आणि त्यात बाई-पुरुष, लहान-थोर असा काही भेद करायचे नाहीत. नागपुरात सदर भागात त्यांच्या नर्सिंग होमच्या खाली एक चहाचं दुकान होतं. तिथे उभ्याने चहा पिताना एकदा मला म्हणाले, "मॅडम, तो सायकलवाला बघा. डावा गाल अर्धा तोळा कमी आहे." मला तर दोन्ही गाल सारखेच दिसले. पण आपल्याकडे दोन माणसं बघताहेत हे त्या सायकलवाल्याला दिसलं, आणि तो सायकल स्टँडवर लावून भांडायलाच आला. सरांनी त्याला चहा पाजला आणि निघताना हळूच विचारलं, "लहानपणी इकडची दाढ लय दुखली होती काय गा?" तो माणूस गाल चाचपत निघून गेला. दुखली होती म्हणे.

सत्तरच्या दशकातलं नागपूर. प्लास्टिक सर्जरी म्हणजे चेहऱ्यात प्लास्टिक भरतात अशी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांचीही समजूत होती. सर या विषयातले आमच्या भागातले पहिल्या फळीतले डॉक्टर. भाजलेले हात, फाटलेले ओठ, गाडीखाली आलेले चेहरे, असं सगळं त्यांच्याकडे यायचं. एका पेशंटने त्यांना विचारलं होतं, "सायेब, मे महिन्यात वितळणार तर नाई ना?" आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. ते का हसले नाहीत हे मला पुढे कळलं.

त्यांचा स्वतःचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. नाकाचा शेंडाही व्रणांनी खाल्लेला. "लोकांची तोंडं नीट करता, स्वतःचं कधी करणार?" असं त्यांची बायको सगळ्यांसमोर म्हणायची, आणि सर म्हणायचे, "तू लग्नाला हो म्हटलंस तेव्हाच माझं ऑपरेशन झालं." हे उत्तर त्यांनी फार आधीपासून तयार ठेवलं होतं असा मला संशय आहे, कारण ते प्रत्येक वेळी शब्दन् शब्द तेच असायचं.

मी भूलतज्ज्ञ. सकाळी सरकारी दवाखान्यात नोकरी आणि दुपारी गरज पडेल तशी सरांकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपली अट सांगितली. गाल भरायच्या ऑपरेशनला त्यांना पूर्ण भूल चालायची नाही. शिरेतून गुंगीचं औषध, गालाला आणि पोटाला बधिर करायची सुई, बस्स. पेशंट डुलकीत हवा, पण हाक मारली की ओ द्यायला हवा. याला ते 'अर्धी झोप' म्हणायचे. मी म्हटलं, सर, पूर्ण झोपवलं तर तुम्हालाही सोपं, पेशंटलाही सोपं. ते म्हणाले, "मॅडम, झोपलेला चेहरा कोणाचाही सारखाच दिसतो. गाल बरोबरीत आला की नाही हे माणूस हसल्याशिवाय कळत नाही."

आणि खरोखरच ते पेशंटला हसवायचे. पोटाच्या खालच्या भागातून चरबीचा तुकडा काढायचा, कानापुढे छोटी चीर देऊन गालाच्या कातडीखाली खिसा करायचा, त्यात तो तुकडा सरकवायचा आणि मग टेबल डोक्याकडून वर उचलायचं. अर्धवट बसलेल्या, अर्धवट झोपलेल्या माणसाला सर आपला विनोद सांगायचे. विनोद एकच होता. एक माणूस न्हाव्याकडे जातो आणि म्हणतो, आज अर्धीच दाढी कर. न्हावी विचारतो, कोणती अर्धी? तो म्हणतो, बायको ज्या बाजूनं झोपते ती. गुंगीत माणसाला कशावरही हसू येतं, म्हणून हा विनोद चालायचा. पेशंट हसला की सर मान तिरकी करून दोन्ही गाल बघायचे आणि म्हणायचे, "अजून थोडी. जरा जास्तीचा करू."

हे जास्तीचं का, तर ठेवलेली सगळी चरबी टिकत नाही. पुढच्या काही महिन्यांत तिच्यातली बरीचशी शरीरात विरून जाते. किती विरेल ते कोणालाच सांगता येत नाही. कोणाची निम्मी, कोणाची त्याहून जास्त. म्हणून गाल आधी फुगवून ठेवायचा आणि मग तो बरोबरीत उतरायची वाट बघायची. सर्जन असून वाट बघण्यापलीकडे हातात काही नाही, याचा त्यांना मनापासून राग यायचा. हाड सांधतं, कातडी जुळून येते, मग या चरबीलाच काय झालंय, असं ते मला विचारायचे. जणू मीच ती नेऊन कुठे ठेवली होती.

अर्ध्या झोपेत माणसं बोलतात. कन्हानच्या खाणीतला एक कामगार होता. दगड लागून त्याचा गाल खोल गेला होता. ऑपरेशन चालू असताना सगळा वेळ तो बायकोच्या स्वयंपाकाची तक्रार करत राहिला. "भाजीत मीठ नाई, वरणात मीठ नाई, जिनगानीतच मीठ नाई बाप्पा!" दुसऱ्या दिवशी बायको खाटेशेजारी उभी. "सायेब, गुंगीत हे काई बोलले काय वं?" 'सायेब' म्हणत सुरुवात केली तरी बाईला लावतात तो 'वं' लावून तिने मलाच विचारलं होतं, पण उत्तर सरांनी दिलं. "तुमच्या हातच्या वांग्याची तारीफ करून राहिले होते." बाई लाजली. कामगार आमच्याकडे बघत राहिला. त्याला काहीच आठवत नव्हतं. ते औषधच तसं. ज्या वेळात ते अंगात असतं, तेवढा वेळ बहुतेकांच्या आठवणीतून पुसून जातो.

बहुतेकांच्या. सरांना सांगताना हा शब्द मी तेव्हा वापरला होता की नाही, हे मला खरंच आठवत नाही. ते सर्जन होते, त्यांनाही ते माहीत असणारच.

हे आठवायचं कारण, सरही बोलायचे. मला ते कळायला वेळ लागला. टाके घालून झाले, सिस्टर हत्यारं मोजायला गेली, की सर स्टूल ओढून पेशंटच्या डोक्याशी बसायचे आणि अगदी हळू आवाजात त्याला खरं सांगायचे. "हे पूर्ण टिकणार नाही बरं का." "तुझा ओठ मला पाहिजे तसा जमला नाही." "हा डाग जाणार नाही, तू उगाच आशा धरू नको." जागेपणी हेच पेशंट विचारायचे, "सायेब, होईन ना बरोबर?" तेव्हा सर खिडकीबाहेर बघून म्हणायचे, "पाहू." एकदा मी विचारलं, "सर, हे त्यांना जागेपणी का सांगत नाही?" ते म्हणाले, "जागेपणी ते माझ्या तोंडाकडे बघतात. मग मला जमत नाही." दुसऱ्यांच्या तोंडाकडे जन्मभर बघणाऱ्या माणसाने हे म्हणावं याचं मला हसू आलं होतं. आता येत नाही.

प्रभा आमच्याकडे आली तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. वडील शामराव, गांधीबागेत कापडाचे ठोक व्यापारी. मुलीच्या डोक्यावर पदर असा ओढलेला की डावी बाजू दिसूच नये. सरांनी तो हाताने बाजूला केला. उजवा चेहरा भरलेला, देखणा. डावा गाल आत गेलेला, कातडी हाडाला चिकटलेली, ओठाचा कोपरा वर ओढला गेलेला. अर्धा चेहरा हळूहळू वाळत जाण्याचा हा एक रोग आहे. तो का होतो ते कोणाला माहीत नाही. त्याला औषध नाही. काही वर्षं तो चालतो आणि मग एक दिवस आपला आपण थांबतो. थांबेपर्यंत त्यात चरबी भरणं म्हणजे ती वाया घालवणंच.

सरांनी शामरावांना हे सांगितलं, पण असं गुळमुळीत की त्यातून 'आत्ता नाही' एवढंच कळावं. शामराव म्हणाले, "डॉक्टरसायेब, पोरीचं लगन करायचं हाय. रोग थांबायची वाट पाहिली तर पोरगी घरीच बसते." सर नाहीच म्हणत होते. मग प्रभा पहिल्यांदा बोलली. "मले एकदा दोनी बाजूनं सारखं पाह्यचं हाय, सर. एकदाच." ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सर खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "पाहू." पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

ती न्हाव्याच्या विनोदाला छान हसली. गाल जरा जास्तीचा झाला. टाके झाल्यावर सर तिच्या डोक्याशी बसले. "बेटा, हे राहणार नाही. तुझा रोग अजून चालू आहे. वर्षभरात परत खड्डा पडेल. मला ते थांबवता येत नाही." तिचे डोळे मिटलेले होते आणि श्वास संथ चालला होता. मी नाडी बघून वहीत लिहिलं, सगळं ठीक.

घरी पाठवताना सरांनी शामरावांना बजावलं, आत्ता गाल सुजल्यासारखा दिसेल, घाबरू नका, तीन-चार महिन्यांत उतरेल आणि दोन्ही बाजू सारख्या होतील. व्यापारी माणसाने यातून काय घ्यावं? त्यांनी बरोबर तेवढे महिने मोजले आणि मुलाकडच्यांना तेव्हाच बघायला बोलावलं. माल बाजारात कधी आणायचा हे ज्याला जन्मभर कळलं, त्याने मुलीच्या बाबतीतही तोच हिशेब लावला. त्यात आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटलं नाही. आम्हाला हे कळलं ते शामराव पेढे घेऊन आले तेव्हा. मुलगा कन्हानचा, किराण्याचा मोठा धंदा, पोरगी पसंत. सरांनी पेढा हातात धरला. "त्यांना रोगाचं सांगितलं ना?" शामराव म्हणाले, "सांगू ना, सांगू. लगन तर होऊ द्या." सरांनी पेढा खाल्ला. मीही खाल्ला. काय बोलायचं होतं आम्ही?

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात गाल बसायला लागला. प्रभा माहेरपणाला आली की आमच्याकडे यायची. दुसरं ऑपरेशन झालं, मग मुलगा झाल्यावर तिसरं. प्रत्येक वेळी नवा तुकडा, नवी चीर, तोच विनोद. तिसऱ्या वेळी ती गुंगीत पुटपुटली, "सर, हा जुना झाला." आणि तरी हसली. प्रत्येक वेळी सर तिच्या डोक्याशी बसून तेच सांगायचे, फक्त आवाज आणखी खाली गेलेला. शेवटी शेवटी ते तिला रोगाबद्दल सांगत होते की तिची माफी मागत होते हे मलाही कळेनासं झालं होतं. दोन दिवसांनी ती जाताना विचारायची, "आता राहीन ना, सर?" आणि सर म्हणायचे, "पाहू."

मग ती एका दुपारी आली ती ऑपरेशनसाठी नव्हे. डोक्यावर पदर घेतलेला नव्हता. गाल पहिल्यापेक्षाही खोल. सासूने तिला महारोग झालाय असं ठरवलं होतं. तिला माहेरी पाठवलं होतं आणि आठ महिन्यांचं लेकरू कन्हानलाच ठेवून घेतलं होतं. "पोराले लागीन म्हंते. मले शिवू देत नाई." हे सांगताना ती रडली नाही. तिने आपला पदर हाताने घट्ट धरला होता.

"मी सर्टिफिकेट देतो," सर घाईघाईने म्हणाले. "हा रोग लागत नाही असं लिहून देतो. इंग्रजीत, शिक्क्यासह."

"कागद नोको. तुमी या तिथी."

"अगं, मी येऊन काय..."

"तुमी मले टेबलावर सांगता ना, तसंच सांगा तिथी."

खोलीत मी, सर आणि ती. सरांचा हात टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटवर होता तो तिथेच राहिला.

"मले ऐकू येते, सर," प्रभा म्हणाली. "पह्यल्या टायमापासून. डोये उघडत नाई, पण ऐकू येते."

"मग तू..." सर खुर्चीतून अर्धवट उठले. "मग तू लग्न काहून केलंस बेटा?"

"टेबलावर तुमी म्हणे, राहणार नाई. जागेपणी म्हणे, पाहू. म्या म्हटलं, जागेपणीचं खरं असंन. तुमी पाहू म्हणे, म्हून म्या बी म्हटलं, पाहू."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कन्हानला गेलो. सरांनी मलाही बरोबर घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते हेच. प्रभा आणि शामराव मागच्या सीटवर, मी पुढे. कामठी ओलांडून आम्ही कन्हानच्या पुलावर आलो. शामराव मधूनच म्हणायचे, "तुमी जरा जपून बोला हां डॉक्टरसायेब." सर मान हलवायचे.

घर रस्त्यालगतच, पुढे दुकान आणि मागे राहायचं. सासू बैठकीत बसली होती, लेकरू मांडीवर. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा. शामराव बाहेरच घुटमळले. सर आत गेले आणि कोणी बसा म्हणायच्या आधीच बोलायला लागले.

"हा महारोग नाही. हा लागत नाही. लेकराला होत नाही. पाहा." त्यांनी आपला तळहात प्रभाच्या खोल गालावर ठेवला आणि तसाच ठेवला. "एवढी वर्षं मी याला हात लावून राहिलो. मले झाला काय?"

सासूने सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांच्या व्रणांकडे. क्षणभर मला वाटलं, आता बोलणंच संपलं. पण ती म्हणाली, "मंग भरून येईन ना गाल?"

माझं लक्ष सरांकडे होतं. खोलीला एक खिडकी होती आणि ती त्यांच्या अगदी समोर होती. ते तिकडे वळले नाहीत. "नाही," ते म्हणाले. "मी तीनदा भरला, तीनदा गेला. अजून जाईल. माझ्या हातात काही नाही. कोणाच्याच हातात नाही."

"मंग लग्नाच्या आधी काहून नाई सांगितलं?"

"माझी हिंमत झाली नाही. तिची काही चूक नाही, माई. चूक माझी आहे."

दाराबाहेर शामरावांनी कपाळाला हात लावला. नवरा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मी वाट बघत होते की आता तरी हा काहीतरी बोलेल. हो म्हणेल, नाही म्हणेल, आईवर ओरडेल. तो काही म्हणजे काही बोलला नाही, आणि त्याच्याबद्दलचा माझा राग आजही तसाच आहे. सासू बराच वेळ लेकराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. बाई दुष्ट नव्हती. तिचे डोळे भरलेले मला दिसत होते. मग तिने लेकरू उचललं आणि प्रभाच्या हातात दिलं.

"घे. लागट नाई तं तुयं लेकरू तुले. पण माया पोराचं आयुष्य पडलं हाय पुढं. तू लेकरू घेऊन गांधीबागले जाय."

एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. प्रभाने लेकराला छातीशी धरलं, त्याचा वास घेतला आणि वळली. नवऱ्याच्या शेजारून जाताना ती थोडी थांबली. त्याने बाजूला होऊन वाट दिली.

परतीच्या वाटेवर शामराव सरांवर भडकले होते. "सांगत होतो जपून बोला म्हून! एक पोरगी होती माई, तिचं घर मोडलं तुमी." सर गाडी चालवत राहिले. प्रभा म्हणाली, "बाबा, चूप बसा. लेकरू झोपून राहिलं." गांधीबागेच्या गल्लीत गाडी आत जात नव्हती. तोंडाशी ते उतरले. प्रभा खिडकीशी आली. मला वाटलं ती काही बोलेल, पण तिने फक्त लेकराचं टोपडं नीट केलं, सरांकडे बघून मान डोलावली आणि कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत वडिलांच्या मागे गेली.

त्यानंतरही मी सरांबरोबर काही वर्षं काम केलं. पण भोयर सर म्हटलं की मला ते टेबलाशी उभे असलेले आठवत नाहीत, तर त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसलेले आठवतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. मी म्हटलं, "सर, निघायचं ना?"

"मॅडम," ते म्हणाले, "बाकीच्यांनाही ऐकू येत असेल काय हो?"

भूल देणारी मी. हा प्रश्न माझ्याच विषयातला होता, आणि त्याचं उत्तर द्यायला त्यांच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि मला ते जमलं नाही. "काही जणांना येत असेल, सर. कोणाला, ते मला सांगता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. मागे एक हातगाडीवाला केव्हाचा ओरडत होता, गाडी पुढं घ्या, गाडी पुढं घ्या. सर समोरच्या काचेतून बघत एकेका पेशंटचं नाव घेत होते.